नंतरचं

गिऱ्हाईक टॉर्च घेऊनच आलं. रेडिओ लावून पाहिला नाही. उलटा करून मागचा पुठ्ठा काढला आणि बोट ठेवत निघाले : हे मूळचं, हे नंतरचं. नंतरचं सगळं काढणार म्हणाले. त्याची ही यादी.

स्क्रू. पुठ्ठ्याला सहा. पाच सरळ खाचेचे, एक फुलीचा. फुलीचा जाणार.

बटणं. चारांतली तीन बेकलाइटची, चौथ्याच्या जागी टूथपेस्टचं झाकण. असल्या सेटांत बटणाच्या स्क्रूवर कंपनीतूनच मेण भरलेलं यायचं, आणि ते शोभेसाठी नव्हे. ट्रान्सफॉर्मर नाही, मेनची एक तार थेट चासीला. प्लग उलटा लागला की चासीत करंट, तिथून स्क्रूत, तिथून बोटात. मेण शाबूत म्हणजे सेट कधी उघडलेला नाही, म्हणून भाव जास्त. आमची भोकं उघडी. (जो कधी उघडावाच लागला नाही तो वाजला तरी किती असेल, हा माझा जुना संशय.)

जाळीचं कापड. मूळचं तपकिरी, मध्ये जरीचा धागा. ते उंदरानं खाल्लं. आताचं आईच्या चोळीच्या उरलेल्या खणाचं, काठासकट.

दोरी. काटा सरकवणारी मूळची दोरी सुती, तुटली तेव्हा मासे धरायची तंगूस घातली. तंगूस घसरते. ४१ मीटरवर सिलोन लावायचं तर काटा दोन रेघा पुढे न्यायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांना सांगावं लागे.

कंडेन्सर. मूळचे कागदी, वरून डांबर. उन्हाळ्यात डांबर पाझरून खाली थेंब गोठलेले. दोन तसे, बाकीचे बदललेले. मोठ्या डब्याच्या बाजूला एक केल्ट्रॉनचा. केल्ट्रॉन स्थापन झाली १९७३ साली, तेव्हा ही दुरुस्ती त्यानंतरची, हे कुणाला न विचारता कळतं. गिऱ्हाइकाची युक्ती वेगळी : जुन्या कागदी नळीतला माल कोरून काढायचा, आत आजचा कंडेन्सर घालायचा, तोंड मेणानं बुजवायचं. वरून मूळचं. याला ते नंतरचं म्हणत नाहीत.

झाळ. कंपनीची असेल तर तारेचा वेढा आधी, डाग मागाहून. मेकॅनिकची असेल तर जुन्या तारेचं खुंट ठेवून त्यालाच नवा माल चिकटवलेला.

वॉल्व्ह. पाच, यू मालिकेचे : यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१, यूवाय ४१. पाचांच्या फिलामेंटची एकच माळ, दिवाळीच्या तोरणासारखी. एक गेला की सगळे अंधारात. यूएल ४१ मिळेनासा झाला तेव्हा मेकॅनिकनं यूएल ८४ बसवला. दोघांचंही फिलामेंट ४५ व्होल्टचं, माळेला फरक पडत नाही. पण पाय आठाचे नऊ, म्हणून सॉकेट बदललं.

यूवाय ४१ चं काम आणखी बारीक. त्याचा दम संपला होता, एसीचं डीसी होईना; फिलामेंट मात्र धड. तो काढून तिथे नुसती तार जोडली तर माळेतले ३१ व्होल्ट कमी होऊन बाकीच्या चौघांवर चढणार. मग तो जागेवरच ठेवला आणि चासीच्या पोटात, नजरेआड, बीवाय १२७ डायोड झाळला. तेव्हापासून तो वॉल्व्ह नुसता पेटतो. रात्री पुठ्ठ्याच्या भोकांतून लाल दिसायचा आणि आम्ही समजायचो, हाच वाजवतोय. गिऱ्हाइकानं टॉर्च त्याच्यावर मारली, काचेवरचे आकडे वाचले आणि मान डोलावली : हा मूळचा.

दिवा. काट्यामागचा. मूळचा की नंतरचा, काच काळी पडल्यानं ठरेना.

लायसन्सचं पुस्तक, पोस्टातलं. हे त्यांनी खिशातच टाकलं.

चासीच्या कडेला पेन्सिलनं बारीक अक्षरात तारखा. पाच. प्रत्येकीपुढे काय बदललं ते दोन शब्दांत, शेवटचीपुढे नुसतं ‘दोरी’. चासी पॉलिश करताना हे पुसलं जाईल, असं ते निघताना सांगून गेले.