मेहरूणची पहाट आणि लेहचा बर्फ

जळगावात उन्हाळ्यात खेळायचे असेल तर फजरची नमाज आटोपताच घराबाहेर पडावे लागते. सात-साडेसात झाले की सिमेंटचा रस्ता तापू लागतो आणि दुपारी पारा पंचेचाळिसाला टेकतो. म्हणून मेहरूण तलावाच्या बाजूला तुम्ही पहाटे फिरायला आलात, तर मशिदीतून परतणारी म्हातारी माणसे, दूधवाले आणि त्यांच्यामधून सुळकन जाणारी स्केट्सवरची पोरे असे सगळे एकाच वेळी दिसेल. त्या पोरांत आमची मधली लेकही असते. पायात एका रांगेत चार चाके असलेले स्केट्स, हातात लांब दांड्याची स्टिक. तिचा खेळ म्हणजे इनलाइन हॉकी.

हा खेळ बर्फावरच्या हॉकीचा धाकटा भाऊ. तिथे गोलरक्षक धरून सहा जण, इथे पाच. तिथे जड रबराची चकती, तिला पक म्हणतात. वजन दीडशे ग्रॅमच्या वर. इथली चकती हलकी असते. पण आमच्या खडबडीत रस्त्यावर तीही नीट सरकत नाही, म्हणून पोरे कडक चेंडूने खेळतात. गोलाची चौकट पीव्हीसी पाइपची. जळगाव हे पाइपांचे गाव. चार तुकडे आणि चार एल्बो जोडले, वर मासे धरायचे जुने जाळे बांधले की काम झाले.

अडचण होती ती हातमोज्यांची.

सुरुवातीला मीच म्हणालो, "घरात भावाचे क्रिकेटचे ग्लोव्ह्ज आहेत, तेच घाल." क्रिकेटच्या मोज्यात समोरून येणाऱ्या चेंडूपासून बोटे वाचतात, पण मनगट उघडेच राहते आणि स्टिकवर पकड जमत नाही. दोन दिवसांत ती कंटाळली आणि माझे स्कूटरचे मोजे घालू लागली. मी पाहिले आणि गप्प बसलो. सुमारे महिन्याने ती पडली. स्टिक हातात असताना माणूस पडला की भार अंगठ्यावर येतो आणि अंगठा मागे वळतो. तिने घरी काही सांगितले नाही. संध्याकाळी पीठ मळताना ती एकाच हाताने मळते आहे हे तिच्या अम्मीच्या लक्षात आले. एक्स-रेत बारीक फ्रॅक्चर निघाले, तीन आठवडे प्लास्टर. चूक तिची नव्हती. वस्तू जवळ नसताना मी चालवून घेतले, ती माझी चूक होती.

त्या तीन आठवड्यांत घरात दोन तट पडले. माझी आई म्हणाली, "पुढच्या वर्षी दहावी आहे, पोरगी मोठी झाली, आता पुरे." लेक काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले. मी आईला एवढेच म्हणालो, "आधी हे मोजे काय असतात ते तरी समजून घेऊ. मग ठरवू."

समजून घ्यायला निघालो तो धुळ्याला. तिथे माझे साडू राहतात. त्यांच्या मुलाने पुण्यात शिकताना हा खेळ खेळला होता आणि त्याचे जुने सामान माळ्यावर पडून होते. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर; एरंडोल, पारोळा करत एसटी जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस. पोरगी खिडकीशी, प्लास्टरचा हात मांडीवर.

साडूंच्या मुलाने गोणी ओतली आणि एकेक गोष्ट समजावली. ज्यांच्या घरी अशी मुले आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून ती इथे सांगतो.

हॉकीच्या मोज्यांचे दोन घराणे आहेत. जुन्या पद्धतीचा मोजा सैल असतो, पाठीवर जाड गाद्यांच्या चार वळकट्या असतात. हात आत मोकळा फिरतो, हवा खेळते. नव्या पद्धतीचा मोजा बोटांशी घट्ट आणि मनगटाकडे जरा सैल. मोजा आपल्या हाताचाच भाग वाटावा, असे तरुण मुलांना वाटते, म्हणून ती घट्ट मोजे मागतात. वयस्क खेळाडू बहुधा सैल मोज्यालाच चिकटून राहतात. यात चूक-बरोबर काही नाही, ज्याचा त्याचा हात. इनलाइनसाठी हलके, छिद्रांचे मोजेही येतात, कारण हा खेळ उन्हापावसाच्या मुलखांत चालतो. आमच्या हवेत तेच बरे.

दुसरी गोष्ट तळव्याची. तळवा पातळ असेल तर स्टिक हाताला कळते, पण तो लवकर फाटतो. जाड असेल तर टिकतो, पण चेंडू कुठे आहे ते बोटांना उशिरा कळते. मोज्याचे सगळ्यात आधी काही जात असेल तर तळवाच. वरच्या गाद्या वर्षानुवर्षे शाबूत राहतात.

तिसरी गोष्ट मनगटावरच्या पट्टीची. आखूड पट्टी असली की मनगट छान फिरते, म्हणून चपळ खेळाडूंना ती आवडते. पण मोजा आणि कोपराचे पॅड यांच्यामध्ये उघडी जागा राहिली, तर स्टिकचा फटका नेमका तिथेच बसतो. शिकणाऱ्या मुलाने लांब पट्टीच घ्यावी.

आणि माप. मोज्यावर इंचांत आकडा असतो: अगदी लहानांना 8-9, शाळकरी मुलांना 10 ते 12, मोठ्यांना 13 ते 15. बोटांच्या मुळापासून कोपराच्या घडीपर्यंत टेपने मोजले की साधारण आकडा कळतो. "पोर वाढते आहे, दोन नंबर मोठाच घेऊ," हा ईदच्या कपड्यांचा हिशेब इथे चालत नाही. मोठ्या मोज्यात बोटांची टोके रिकामी राहतात, पकड सुटते आणि अंगठ्याला आधार देणारी कडक पट्टी अंगठ्यावर बसतच नाही. आमच्या लेकीला 11 चा मोजा हवा होता. गोणीत नेमकी 11 ची एक जोडी निघाली. गाद्या ठीक होत्या, दोन्ही तळवे फाटलेले.

नवी परदेशी जोडी घ्यायची तर चांगल्या मोज्यांना पाच आकडी रक्कम मोजावी लागते. आम्ही ती फाटकी जोडी घेऊन पाचकंदिलाकडे गेलो. रस्त्याच्या कडेला बसलेल्या मोचीबाबांनी मोजा उलटसुलट केला आणि विचारले, "हाई काय शे, भाऊ?" मी सांगितले. त्यांनी आत हात घालून बोटे वाकवून पाहिली. मग म्हणाले, "व्हई जाई." त्यांनी जुना तळवा उसवून त्याचाच साचा केला, चपलांसाठी नव्हे तर हातपिशव्यांसाठी वापरतात ते मऊ कातडे बेतले आणि बोटांच्या बेचक्यात दुहेरी टाका घातला. दोन तास लागले. घासाघीस करायची मला लाज वाटली. मागतील तेवढे दिले. पोरीने डाव्या हातात मोजा घालून मूठ वळली आणि महिनाभरात पहिल्यांदा हसली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण माझा भाचा रस्तेबांधणीच्या कामावर लेहला होता. तो फोनवर म्हणाला, "मामू, हिला जानेवारीत इकडे घेऊन या. इथे हा खेळ गल्लीगल्लीत आहे." भुसावळहून गाडीने दिल्ली आणि तिथून विमान. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. पहिले दोन दिवस नुसते पडून राहायचे, जिना चढला तरी धाप लागते. पहाटे पारा शून्याखाली पंधरा. मेहरूणला आम्ही उन्हाच्या आधी खेळ उरकतो, इथे ऊन तेज होऊन बर्फ भुसभुशीत होण्याआधी उरकतात. घाई दोन्हीकडे, कारण एकच: सूर्य.

कारझू तळे गोठलेले होते आणि त्यावर पोरे खेळत होती. जुनी माणसे सांगतात की पूर्वी इथे स्केट्स मिळत नसत, तेव्हा लष्करी बुटांना खालून लोखंडी पाती बसवून खेळायचे. पुढे परदेशातून वापरलेले सामान दान म्हणून येऊ लागले. 2018 च्या जानेवारीत कॅनडाच्या हेली विकेनहायझर लेहला आल्या होत्या. चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेली ही बाई इथल्या मुलींबरोबर खेळली आणि येताना सामानही घेऊन आली. भारताचा महिला संघ 2016 मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तेव्हा प्रवासाचे पैसे लोकांकडून गोळा करावे लागले होते. 2017 मध्ये पहिला विजय मिळाला, फिलिपाइन्सविरुद्ध 4-3. आणि 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या आशिया चषकात याच संघाने कांस्यपदक आणले. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या.

त्यांतल्या नूर जहाँ यांच्याविषयी मी लेकीला मुद्दाम सांगितले. लेहच्या मुस्लिम घरातली ही मुलगी अनेक वर्षे भारताच्या संघाची गोलरक्षक राहिली. गोलरक्षकाच्या एका हातात पक झेलायचा मोठा मोजा आणि दुसऱ्या हातात फळीसारखा अडवायचा मोजा असतो. सगळे फटके त्यांवर येतात. आणि त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय कोणता? जुनी भित्तिचित्रे, पोथ्या, कापडावरची चित्रे यांचे जतन करणे. शेकडो वर्षांच्या रंगावर अलगद ब्रश फिरवायचा, तेही त्याच हातांनी. लेक बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

तळ्याच्या काठावर एका खोलीत सामान ठेवलेले होते. मापाप्रमाणे मोजे, हेल्मेट, पॅड. पोरे येतात, आपल्या मापाचे घेतात, खेळून झाले की परत ठेवतात. पाय वाढला, हात वाढला की पुढचे माप घ्यायचे, आधीचे मागच्याला. कोणाचे नाव कशावर नाही. ओले मोजे रात्री बाहेर राहिले तर पापडासारखे कडक होतात, म्हणून ते आत बुखारीच्या खोलीत टांगतात. पण बुखारीपासून चार हात लांब. फार जवळ ठेवले तर तळवा वाळून तडकतो. मी मनात म्हटले, आम्ही तर मोजे धुऊन गच्चीवर जळगावच्या उन्हात टाकतो! बर्फाचा मुलूख असो की उन्हाचा, मोजा सावलीत आणि वाऱ्यावर वाळवायचा, एवढेच खरे.

जुम्याची नमाज बाजाराच्या वरच्या टोकाला, राजवाड्याच्या खाली असलेल्या जामा मशिदीत पढलो. ही मशीद सतराव्या शतकातली. बाहेर पडताना एका बुजुर्गांनी विचारले, कुठून आलात? जळगाव म्हटल्यावर त्यांना कळेना. मग केळी आणि कापूस सांगितला, तेव्हा हसले. त्यांची नात हॉकी खेळते, हे त्यांनी आपणहून सांगितले. सांगताना आवाजात संकोच नव्हता, उलट कौतुक होते.

परतल्यावर आईला हे सगळे सांगितले. शिवाय अबू धाबीच्या फातिमा अल अली यांचा व्हिडिओ दाखवला. हिजाबवर हेल्मेट घालून त्या बर्फावर खेळतात. 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या सामन्याच्या आधी मानाचा पक टाकायला त्यांनाच बोलावले होते. आईने दोनदा पाहिला. मग विचारले, "हिच्या ओढणीला टाचण्या कुठे आहेत?" टाचण्या नसतात, हेल्मेटच्या आत त्या टोचतात, असे लेकीने सांगितले. दुसऱ्या दिवशी आईने जुन्या मऊ सुती साडीचे कापड काढले आणि बिनटाचणीची, मागे इलास्टिक असलेली टोपी-ओढणी शिवली. तिने हो म्हटले नाही, पण दोन शिवल्या. एक धुवायला लागेल म्हणून.

दहावीचे वर्ष आता चालू आहे. आठवड्यातून दोनच पहाटा खेळायचे, असे घरात ठरले आहे. पुढे काय, ते अल्लाहच्या हाती. पण एक गोष्ट मात्र आम्ही लेहहून आणली. मेहरूणच्या पोरांसाठी एक पत्र्याची पेटी केली. त्यात धुळ्याच्या गोणीतले सामान आहे, शेजाऱ्यांनी दिलेले गुडघ्याचे पॅड आहेत. पेटीवर कोणाचे नाव नाही. ज्याला होईल त्याने घ्यावे, लहान झाले की परत ठेवावे. सामान म्हणजे अमानत, एवढा एकच नियम.

लेकीचा हात वाढला आहे, तिला आता 12 चा मोजा लागतो. मागच्या रविवारी तिने 11 ची जोडी पेटीत ठेवली. थोड्याच वेळाने पाचवीतल्या एका मुलीने ती उचलली, कातडी तळव्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "आपा, हे कुठून आणले?"

"धुळ्याहून," लेक म्हणाली. "आधी माप घेऊ. हात पुढे कर."