आईचा फोटो

मोठा कॅमेरा समोर धरला की आमची आई पदर तोंडावर घेते. म्हणून मिररलेस कॅमेऱ्यासाठी निकॉनची १६-५० मिमीची स्वस्तातली झूम लेन्स घेतली. वजन अवघे १३५ ग्रॅम. मिटली की झब्ब्याच्या खिशात मावते. वापरताना मात्र आधी फिरवून उघडावी लागते. तेच विसरलो आणि आईचं पहिलं हसू हुकलं!

माजघरात उजेड बेताचा. पन्नासवर लेन्सचं छिद्र ६.३ पर्यंतच उघडतं, सोळावर ३.५ पर्यंत. म्हणून झूम मागे घेतला आणि आईजवळच पाट ओढून बसलो. ती तांदूळ निवडत, भावकीच्या गोष्टी सांगत राहिली. पदर खांद्यावरच!

फोटो जरा दाणेदार आलाय. पण बाबा गेल्यापासून घरात आईचा एकही फोटो नव्हता. आता आहे.