मुलगी कुठली?

परमुलखात चार मराठी माणसे जमली की स्थळांच्या गोष्टी निघतात. भिलाई त्यास अपवाद नाही. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील, पाच मुलींच्या लग्नासाठी झुरणाऱ्या बेनेटबाई आमच्या सेक्टरात सहज खपून गेल्या असत्या.

त्या कादंबरीवर बेतलेला अँड्र्यू आन यांचा ‘फायर आयलंड’ (२०२२) नुकताच पाहिला. येथे बहिणींच्या जागी पाच मित्र आहेत, पुरुषांवर प्रेम करणारे. न्यूयॉर्कजवळच्या बेटावर सुटी घालविताना तोच श्रीमंतीचा तोरा, तेच गैरसमज, तेच रुसवे! तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये (१९८१) असे प्रेम मरणाशी जाऊन थांबते, येथे ते हसते, भांडते आणि शेवटी नाचू लागते. लग्न मात्र लागत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ साली नाकारला. माझ्या पुतण्याने आपल्या सोबत्याची ओळख आम्हांस करून दिली आहे. त्याच्यासाठी पत्रिका आली, की मी म्हणतो, “त्याचे ठरले आहे.”

“वा! मुलगी कुठली?”

त्या प्रश्नाचे सरळ उत्तर मी यापुढे देणार आहे, तेही हसतमुखाने.