खुंटीवरची पिशवी

एकट्या, मोकळ्या माणसाचे मराठीला भारी कौतुक. ‘एकटा जीव सदाशिव’ म्हणा, ‘सडाफटिंग’ म्हणा. शब्द उच्चारला की खांद्यावर पंचा टाकून मन मानेल त्या वाटेने निघालेला गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. या शब्दांना स्त्रीलिंग मात्र नाही. गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते. ‘सडाफटिंग’चे स्त्रीलिंगी रूप काय, असे दर दोन-चार वर्षांनी एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच. मी सांगते, “नाही.” आपल्या कथा-कादंबऱ्यांत बाई एकदम घराबाहेर पडते ती ‘नेसत्या वस्त्रानिशी’, म्हणजे एक तर तिला कोणी घालवलेले असते, नाही तर घराला आग लागलेली असते. शनिवारी दुपारी हवा छान पडली आहे म्हणून ती सहज निघाली, असे सांगणारा वाक्प्रचार मला तरी अजून भेटलेला नाही.

वाक्प्रचार नसला म्हणून काय झाले? पिशवी असू शकते. माझी आहे. पुण्यातल्या आमच्या घरात दाराशेजारच्या खुंटीवर ती बारा महिने भरलेली असते. येणारे-जाणारे विचारतात, “कुठे निघालात वाटतं?” मी म्हणते, “अजून ठरलं नाही.” त्यांना ती थट्टा वाटते.

ही पिशवी आली त्याला कारण आमचे हे. स्वभावाने हौशी माणूस. शुक्रवारी रात्री जेवता जेवता म्हणायचे, “चला, उद्या पहाटे निघू या. हरिश्चंद्रगड!” मुले टाळ्या पिटायची. मग हे निजायला जात आणि मी कपाटे उघडत असे. मोजे, टोप्या, धाकट्याचे खोकल्याचे औषध, दशम्या, दूधवाल्याला निरोप, सासूबाईंच्या गोळ्यांच्या पुड्या. पहाटे हे दारात उभे राहून म्हणत, “बघा, कसं एकदम ठरलं!” खरेच, एकदमच ठरलेले असे. फक्त त्या ‘एकदम’ला माझे अडीच तास लागलेले असत. एकदा मनाशी म्हटले, असे एकदम आपल्यालाही निघता आले पाहिजे. आणि त्यासाठी कोणाची झोप मोडायला नको.

बाजारात पाहायला गेले, तर प्रवासाच्या सामानाची नुसती रेलचेल. वीस कप्प्यांच्या पाठपिशव्या, घडी होणारे पेले, चमचा-काटा-सुरी एकाच दांड्यात. दुकानातला मुलगा मोठ्या उत्साहाने दाखवत होता. मला मात्र माझी आजी आठवत होती. आजीजवळ एक चंची असे. तिच्यात सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी, सुई-दोरा, कुलपाची किल्ली आणि चार नाणी. अंधारात हात घातला तरी हवी तीच वस्तू तिच्या बोटांना लागायची, कारण प्रत्येक वस्तूचा कप्पा चाळीस वर्षे तोच होता. पूर्वी आपल्याकडे या गोष्टींची व्यवस्था चोख होती. पैसे कनवटीला, रोजच्या वस्तू चंचीत, औषध बटव्यात आणि प्रवासाचे सामान खांद्यावरच्या पडशीत. पाणी फिरकीच्या तांब्यात. तो आडवा झाला तरी सांडत नसे. पुढे ट्रंका आणि वळकट्या आल्या, त्यांच्या पाठोपाठ हमाल आले, आणि चट्कन निघणे आपण विसरलो.

मी जाड कापडाची, दोन पट्ट्यांची साधी पिशवी घेतली. आत दोन कप्पे, बाहेर एक. भरताना नियम एकच ठेवला: घरी जी वस्तू वापरते, तीच बरोबर घ्यायची. नवलाईची वस्तू प्रवासात वेळेवर सापडत नाही, आणि सापडली तर चालवता येत नाही.

आता यादी सांगते. गृहिणींना यादी वाचायला आवडते, आणि पुरुषांनीही ती वाचायला हरकत नाही.

पहिला मान पंच्याचा. जाड, लुसलुशीत टॉवेल पाणी पितो आणि दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो. पंच्याची वीण विरळ, म्हणून खिडकीला बांधला की तास-दोन तासांत वाळतो. तो अंग पुसतो, उन्हात डोक्यावर बसतो, रात्री गळ्याभोवती येतो, आणि परतताना त्यात पेरू बांधता येतात. मग कपड्यांचा एकच जोड, तोही पातळ, रात्री धुतला की सकाळी घालता येईल असा. पाऊण लिटरची स्टीलची बाटली. पाण्याचे वजन कोणालाच कमी करता आलेले नाही. लिटरला किलो हा हिशेब राजाला आणि रंकाला सारखाच. म्हणून वजन कमी करायचे ते बाकीच्या वस्तूंचे.

बटव्यात तापाच्या गोळ्या, चिकटपट्ट्या, सुई-दोरा, पिना, सुंठ, महिन्याच्या अडचणीचे सामान आणि जलसंजीवनीची दोन पाकिटे. या पाकिटाविषयी एक सांगून ठेवते. ते अख्खे एक लिटर पाण्यातच घालायचे. अर्धे पाकीट पेल्यात ढवळून अंदाजाने पिण्याने त्याचे प्रमाण बिघडते, आणि औषध आहे ते त्या प्रमाणातच.

फोन असतोच. तिकीट, नकाशा, घड्याळ आणि पैशांचे पाकीट एवढे सगळे त्याने आपल्या पोटात घेतले, हे त्याचे उपकार. पण पोट रिकामे झाले की हे सारे एकदम गायब होते. म्हणून एक छोटी बॅटरी, म्हणजे उजेडाची, निराळी ठेवते. फोनचाच दिवा लावून वाट शोधली, तर वाट सापडेपर्यंत फोन झोपतो. २०१६ साली यूपीआय आले आणि सुट्ट्या पैशांची कटकट गेली, असे आपण म्हणतो. तरी घाटातल्या चहाच्या टपरीवर रेंज नसते, चहा मात्र असतो. तेव्हा दहा-वीसच्या नोटा मिळून पाचशे रुपये आतल्या कप्प्यात. शिवाय एका कागदावर घरच्यांचे पाच नंबर. पूर्वी आपल्याला दहा-दहा नंबर पाठ असत. आज किती जणांना आपल्या मुलाचा नंबर न बघता सांगता येईल? वही लहान, आणि पेन नव्हे, पेन्सिल. पावसात पेन्सिलीचे अक्षर फुटत नाही.

सगळे भरून रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलले: तीन किलो आठशे ग्रॅम. भाव काय लावू, असे त्याने विचारलेही.

पिशवी भरायला एक संध्याकाळ पुरली. पण खुंटीवर ती तीन महिने तशीच लटकत राहिली. शनिवार यायचा, हवा छान पडायची, आणि मी घरात. तेव्हा कळले, बाईच्या प्रवासाचे निम्मे सामान बरोबर न्यायचे असते आणि निम्मे मागे ठेवायचे असते. मागचे सामान म्हणजे, दूध कोण घेणार, कुकरच्या शिट्ट्या किती, सासूबाईंची सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती, धाकट्याची वही कुठे मिळते. हे सारे माझ्या डोक्यात होते, आणि डोके तर मी बरोबर नेणार!

मग स्वयंपाकघरात एक कागद चिकटवला आणि एकेक गोष्ट डोक्यातून कागदावर उतरवली. ह्यांना भात येऊ लागला. थोरलीला गोळ्या कळल्या. धाकटा आपली वही आपण शोधू लागला, म्हणजे निदान शोधतो आहे असे दाखवू लागला. पिशवीला एक संध्याकाळ लागली होती. घराला जवळजवळ दोन वर्षे लागली.

अखेर एका श्रावणातल्या शनिवारी सकाळी, तास संपल्यावर, आम्ही तिघी सहकारिणी जुन्नरच्या एस.टी.त बसलो. बरोबर दोघींच्या हातात नुसत्या पर्सा; वाटेत दोघींनी माझा पंचा वापरला, हे जाता जाता सांगते. रात्री जुन्नरला राहिलो आणि दुसऱ्या दिवशी नाणेघाट गाठला. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याकडून घाटावर येणारा माल या वाटेने चढत असे. माथ्याजवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला तो मानतात. वर्गात कितीदा त्याचा उल्लेख केला होता! त्यात यज्ञांची आणि त्या यज्ञांत दिलेल्या दानांची यादी आहे: गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नावाची नाणी, सारे आकडे घालून. धुके आत शिरत होते आणि मी बॅटरीच्या उजेडात त्या झिजलेल्या अक्षरांवरून नजर फिरवत होते. दोन हजार वर्षांपूर्वीची एक बाई आपला हिशेब दगडावर मांडून गेली होती, आणि माझी सारी यादी तीन किलो आठशे ग्रॅममध्ये संपत होती. तरी त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला नाही.

पण पिशवी काही केवळ हौसेसाठी टांगलेली नसते. ती टांगली तेव्हा माझ्या हे ध्यानात आले नव्हते.

एका रात्री अडीच वाजता माहेराहून फोन आला. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. माझे माहेर सांगलीकडचे, सव्वादोनशे किलोमीटरांवर. अशा वेळी काय घ्यावे, काय ठेवावे याचे भान राहत नाही. माणूस कपाट उघडून नुसता उभा राहतो. मी खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. ह्यांनी स्टँडवर सोडले. घरात काय आहे, काय नाही, असे त्यांनी एका शब्दाने विचारले नाही, कागद होता.

दहा दिवस मी रुग्णालयात होते. हौसेने भरलेली एकेक वस्तू तिथे उपयोगी पडली, आणि प्रत्येकीचा अर्थ बदलत गेला. पंच्याने मी वडिलांचे तोंड पुसले. बॅटरीच्या उजेडात, शेजारच्या रोग्याची झोप न मोडता, रात्रीचे औषध दिले. वहीत पेन्सिलीने वेळा लिहिल्या: किती वाजता काय दिले, ताप किती, पाणी किती. त्यांना बोलता येत नव्हते. पाचव्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने माझी पेन्सिल मागितली आणि त्याच वहीत चार अक्षरे काढली, वाकडीतिकडी. ‘जेवलीस’. प्रश्नचिन्ह काढायचे त्राण नव्हते. दहाव्या दिवशी ते गेले. परतताना पिशवीत एकच वस्तू जास्त होती, त्यांचा चश्मा.

घरी आल्यावर मी पिशवी रिकामी केली आणि खुंटीवर तशीच अडकवली. दोन महिने ती चपटी होऊन लोंबत होती. कोणी काही बोलले नाही. एका दुपारी कॉलेजातून आले, तर पिशवी फुगलेली! उघडून पाहिले. पंचा धुऊन, घडी करून ठेवलेला. बटवा भरलेला. नवी वही. आणि माझ्या यादीत कधीच नसलेली एक डबी, आत ओवा आणि सैंधव. भिंतीवर पिशवी टांगणे घराला शोभत नाही, असे जे दोन वर्षे म्हणत होत्या, त्या सासूबाईंचे हे काम. मी त्यांच्याकडे पाहिले. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “रिकामी पिशवी बघवत नाही गं. आणि हे बघ, एकदा मलाही ने कुठे तरी. जन्मात कधी न ठरवता गेले नाही.”

सासूबाईंचे वय तेव्हा शहात्तर. महाराष्ट्रात २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अशी पहिली एस.टी. धावली. त्या दिवसापासून या गाडीने अनेकांना माहेरी नेले आणि सासरी आणले. पण बाईने नुसते मनात आले म्हणून गाडीत चढावे, याला या दोन सवलतींनी जेवढा हातभार लावला, तेवढा क्वचितच कशाने लावला असेल. विश्वास नसेल तर एखाद्या रविवारी वाईची गाडी बघा. निम्मी गाडी बायकांची, आणि त्यांतल्या कित्येकींना वाईला काही काम नसते!

आम्हीही त्याच गाडीने गेलो. वाईला घाटावर बसलो, तिथून मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा पाहिला. वसईच्या मोहिमेनंतर, १७३९ साली पोर्तुगीजांकडून मिळालेली भली मोठी घंटा तिथे कृष्णेच्या घाटावर टांगली आहे. सासूबाईंनी ती घंटा बराच वेळ पाहिली. मग पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. त्यांच्या हातात काही म्हणजे काही नव्हते. पंच्याण्णव टक्के आयुष्य ज्यांनी दुसऱ्यांच्या पिशव्या भरण्यात घालवले, त्यांचे हात मोकळे पाहून मला फार बरे वाटले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “पंचा आणलायस ना?” मी दिला.

थोरली आता कॉलेजात जाऊ लागली आहे. मागच्या महिन्यात तिने आपली वेगळी पिशवी भरली. यादी माझ्याकडून घेतली आणि तीतली निम्मी खोडली. शिवणाचा दोरा कशाला, म्हणाली. मी वाद घातला नाही. तिचा कप्पा तिने ठरवावा. फक्त नंबरांचा कागद तेवढा ठेव म्हटले, आणि तिने तो ठेवला.

आता दिवाळीची सुट्टी आहे. भाऊबीज झाली की पाहुणे पांगतील, आणि मग थंडीचे ते कोवळ्या उन्हाचे दिवस सुरू होतील. घरात एखादी जुनी, मजबूत पिशवी असेलच. तिच्यात पंचा घाला, बाटली घाला, बटवा घाला आणि दाराशी खुंटीला लावा. स्वयंपाकघरात कागद चिकटवायला मात्र विसरू नका. आणि चिवडा एवढ्यात संपला नसेल, तर त्याची एक पुडी बाहेरच्या कप्प्यात राहू द्या.