बंद मीटरचा हिशोब

अब्बांच्या माघारी त्यांची जुनी पिकअप आम्हा दोघा भावांकडे आली. चिपळूणहून कुणाच्या आंब्याच्या पेट्या, कुणाची फरशी, कुणाचं लग्नाचं सामान पोहोचवायचं आणि किलोमीटरवर भाडं घ्यायचं, हा आमचा धंदा. इंजिन अजून ठणठणीत आहे. फेब्रुवारीत मात्र स्पीडोमीटरचा काटा शून्यावर बसला तो उठेचना.

खरं तर आधी महिनाभर त्याची कुरकुर चालू होती. गाडी ताशी ३० ने चालली असली तरी काटा २० आणि ४० च्या मध्ये थरथरायचा. पहाटे गाडी काढली की डॅशबोर्डमागून किर्र आवाज यायचा. आम्ही टेपचा आवाज वाढवला.

काटा बंद पडल्यावर आम्ही फ्यूज बदलून पाहिला. काही फरक पडला नाही. सुट्या भागांच्या दुकानात विचारलं, तर अख्खं मीटरच बदला म्हणाले. आंब्याचा सीझन तोंडावर आला होता. नंतर बघू म्हणून सोडून दिलं आणि किलोमीटर अंदाजाने लावू लागलो. गिऱ्हाइकं ओळखीची, कुणी काही बोललं नाही.

मेच्या शेवटी, पावसाआधी, गाडी मिस्त्रीचाचांकडे नेली. अब्बांच्या वेळेपासून तेच ती बघतात. फ्यूजचं ऐकून ते हसले.

"अरे बाबांनो, या मीटरला करंट लागतोच कुठे? करंट फक्त रात्रीच्या दिव्याला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला एक छोटं पिनियन असतं. चाकांबरोबर ते फिरतं आणि केबलच्या आतली पिळाची तार फिरवतं. ती तार मीटरमधलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही, तरी फिरत्या चुंबकामुळे वाटी ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथला वेग काटा दाखवतो. ऑटो शुल्झे या जर्मन माणसाने १९०२ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत. ते त्याच तारेवर, पण दात्यांनी फिरतात.

"आकडेही थांबलेत का?" चाचांनी विचारलं.

"हो चाचा, दोन्ही."

"मग मीटर विकत घेऊ नका. आकडे फिरतात आणि काटा मेलाय, तर दोष मीटरमध्ये. काटा चालतो आणि आकडे अडलेत, तरी मीटरमध्येच. दोन्ही बंद असतील तर आधी केबल बघायची, मग पिनियन."

त्यांनी मीटरमागून केबल सोडवली. पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एकाला दगड लावले, मागचं दुसरं चाक जॅकवर उचललं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. आमच्यातल्या एकाने ते चाक हाताने फिरवलं, दुसऱ्याने केबलच्या तोंडाकडे पाहिलं. तार जागची हलली नाही. चाचांनी चिमटीने ओढली, तर अर्धीच हातात आली. गिअरबॉक्सकडचं पिनियन शाबूत होतं, चाकाबरोबर फिरत होतं.

तार तुटली ती जागा पाहून आम्ही गप्प झालो. टेप बसवताना आम्हीच केबल मागे रेटली होती. तिथे तिला कोपरासारखा बाक आला होता.

नवी केबल मीटरपुढे अगदीच स्वस्त पडली. चाचांनी तारेला ग्रीस हलक्या हाताने लावलं, पण मीटरकडचा चार बोटं भाग कोरडा ठेवला. तिथलं ग्रीस वर चढून मीटरमध्ये गेलं, तर काटा चिकटतो किंवा भलताच वेग दाखवतो. केबल आता मोठ्या वळणाने नेली आहे. टेप तिथून हलवला.

परतताना किलोमीटरच्या दगडांवर तपासणी केली. ताशी ३० ला एका किलोमीटरला बरोबर २ मिनिटं लागायला हवीत. आम्हाला ४ सेकंद जास्त लागले, म्हणजे काटा किंचित जास्त दाखवतो. १० दगड गेले तेव्हा आकडेही १० ने पुढे सरकले होते. मीटर खरं बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी गुहागर तालुक्यातल्या आमच्या नेहमीच्या बागवाल्या काकांकडे भाडं होतं. जाऊन-येऊन मीटर ८८ वर थांबलं. या सीझनला आम्ही त्यांना प्रत्येक खेपेचे १०० लावले होते. वही काढली. खेपा १९, भाव किलोमीटरला २० रुपये. खेपेला २४० जादा, एकूण ४,५६० रुपये. बाकीच्या खेपा मोजल्या, तर तिथेही तसंच. आमचा अंदाज दर वेळी आमच्याच बाजूने चुकला होता.

आमच्यातच वाद झाला. एक म्हणाला, डिझेल किती महागलंय, आणि कुणी विचारलंय का? दुसऱ्याला उत्तर सुचेना. अम्मी तांदूळ निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाव वाढवायचा तर सांगून वाढवा. माप वाढवू नका."

पैसे घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे मोजून घेतले, मग आपली जुनी वही उघडली. अब्बांच्या प्रत्येक खेपेपुढे ८८ लिहिलेलं होतं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हटलं, वडील गेलेत, पोरांना गरज असेल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चार महिने ते आम्हाला समजून घेत होते आणि आम्ही समजत होतो, कुणाच्या लक्षात आलं नाही.

वहीत ज्यांची नावं होती, त्यांच्याकडे आम्ही एकेक करून जाऊन आलो. वाटेत हात दाखवून माल टाकणाऱ्यांची नावं लिहिलेली नाहीत. त्यांचा हिशोब अजून आमच्याकडे बाकी आहे.

आता काटा जरा थरथरला तरी आम्ही गाडी बाजूला घेऊन केबल बघतो.