दोन कोंबडे, नऊ कोंबड्या



"कोंबडा लई माजलाय, अंगावर येतो, काय करावं?" असं बरेच जण विचारतात. यंदा आमच्याच वस्तीवर हा प्रश्न उभा राहिला, म्हणून आज पिकाचं सोडून कोंबड्यांचं लिहितो.

परसात नऊ गावरान माद्या आहेत. हा सगळा आईचा कारभार, अंड्याचे पैसे तिचे आणि हिशोबही तिचाच. दिवाळीनंतर खुडूक कोंबडीखाली पिल्लं निघाली, त्यातले दोन नर ठेवले. पाच-सहा महिने एका ताटलीत खाल्लं त्यांनी. मग तुरे लाल झाले, बांग सुरू झाली आणि दिवसभर माद्यांमागं पळापळ.

एक लालभडक, रुबाबदार, काळ्या शेपटीला हिरवी झाक. दुसरा करडा, अंगानं बेताचा. येणारा-जाणारा कौतुक करायचा ते लाल्याचंच.

पण नराचं वागणं ओळखायचं तर मादीची पाठ बघावी. आमच्या चार माद्यांच्या पाठीची पिसं गेलेली, मानेमागं कातडी उघडी, एकीला पंखाखाली नखीची जखम. नर वर चढताना मानेची पिसं चोचीत धरतो, पायानं तोल सांभाळतो, त्यात चार पिसं जाणारच. कातडी दिसायला लागली की मात्र समजायचं, नर जास्त झाले. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. इथं नऊंना दोन, म्हणजे गरीब माद्यांवरच सगळा भार. त्या खुराड्यातून उतरेनात, दाण्याला येईनात. खाणं तुटलं की अंडी तुटतात. आईच्या टोपलीत रोजची चार-पाच अंडी दोनवर आली.

एक काढायचा हे ठरलं, पण कुठला? आई म्हणाली, "लाल्या ठेव, राखणीला बरा."

आठ दिवस सकाळचा चहा मी परसातच घेतला. करड्याला दाणा दिसला की तो टुक-टुक करून चोचीनं उचलून टाकतो, माद्या पळत येतात आणि हा त्यांना आधी खाऊ देतो. एक पंख खाली सोडून गिरकी घेतो. मादी बसली तर ठीक, निघून गेली तर मागं लागत नाही. वर घार फिरली की एकच लांब आवाज, सगळ्या बैलगाडीखाली गुडूप. कुत्रं-मुंगूस दिसलं की कट-कट-कट, आणि सगळ्या माना वर. लाल्याचं तसलं काही नाही, मागून थेट झडप. पुतणीच्या पोटरीला त्यानं नखी मारली, तेव्हा आई म्हणाली, "माणसावर धावणारा काय राखण करणार!"

तरी त्याला संधी दिली. काठी उगारली नाही, कारण काठी दिसली की कोंबडा ती लढाईच समजतो आणि आणखी पेटतो. दोन दिवस डालग्याखाली वेगळा ठेवला. कोंबडं झाकल्यानं उजाडायचं राहत नाही म्हणतात, तसा लाल्याचा स्वभावही राहिला नाही. डालगं उचललं की पहिलं काम तेच.

शेवटी आखाडाच्या बाजारात लाल्या विकला. भाव बरा आला, पैसे आईच्या बटव्यात गेले. आता माद्या दाण्याला येतात, अंडी तीन-चारवर आलीत. उपटलेल्या जागी नवी पिसं फुटतायत. जिथं पीस अर्धवट तुटलंय, तिथं मात्र पुढच्या पीसझडीपर्यंत थांबावं लागणार.

ज्यांना फक्त खायला अंडी हवीत, त्यांनी नर नाही ठेवला तरी चालतं, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी देते. पिल्लं काढायची असतील तरच नर लागतो. आणि ठेवायचाच तर रंग बघून ठेवू नका, दाणा सापडल्यावर तो काय करतो ते बघा.

आज रात्री कोंबड्या खुराड्यात शांत बसल्या की बॅटरी घेऊन एकेकीची पाठ तपासा. किती माद्यांमागं किती नर आहेत आणि पाठी कशा आहेत, ते खाली सांगा.