बोट उचललं की थांबावं

माझ्या आईला रात्री पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जायला १४ एवढा उजेड पुरतो. झिग्बी या बिनतारी पद्धतीवर चालणाऱ्या बल्बला उजेडाची पातळी १ ते २५४ अशा अंकांत कळते. १४ म्हणजे पुऱ्या उजेडाच्या जेमतेम साडेपाच टक्के. तेवढ्यात तिला चपला दिसतात, पलंगाचा कोपरा दिसतो, मधला उंबरा दिसतो आणि शेजारी झोपलेल्या बाबांची झोप मोडत नाही. वाचायला बसली की मात्र तिला २००च्या वर लागतं. या दोन आकड्यांमधलं अंतर तिला अंधारात, चष्म्याशिवाय, स्वतःच्या बोटाने पार करता यावं म्हणून मी एका रिमोटच्या दोन बटणांवर पुष्कळ काम केलं. त्याबद्दल सविस्तर सांगावंसं वाटतं.

मिरजेचं आमचं घर जुनं आहे. आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत, गुडघे दुखतात. रात्री ट्यूब लावली की तिचे डोळे दिपतात आणि काही क्षण तिला काहीच दिसत नाही. म्हणून ती ट्यूब न लावताच भिंत चाचपत जायची. हे कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पूर्वी झिरोचा बल्ब होता, पण तो दारावर उंच बसवलेला. स्वतःचीच सावली पावलांवर पडायची. शिवाय तो रात्रभर जळत राहिला की बाबांना झोप लागायची नाही.

"पंख्यासारखा रेग्युलेटर लाव की त्याला," बाबा म्हणाले. बाबा एस.टी.च्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते, तेव्हा त्यांना नीट उत्तर देणं भाग होतं. जुन्या बल्बची तार तापून उजळायची. दिव्याचा रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेतला थोडा भाग कापायचा आणि मधली उणीव तारेची ऊब भरून काढायची. एलईडीत अशी ऊब नसते. साध्या एलईडीला तो रेग्युलेटर लावला तर उजेड खाली आणताना तो फडफडतो नाहीतर एकदम विझतो, आणि आईला हवं होतं ते नेमकं खालचंच टोक. झिग्बीचा बल्ब वीज पूर्ण घेतो आणि मंद होण्याचं काम स्वतःच्या आत करतो. म्हणून बोर्डावरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं.

बाबांनी लगेच विचारलं, "बोर्डावरच्या बटणाला हात लावायचा नाही, हे तुझ्या आईला कोण सांगणार?"

प्रश्न बरोबर होता. आयुष्यभर दिवा विझवायचा तो बोर्डावरून, झोपण्याआधी घरभर फिरून. ती सवय मोडायला सांगणं मला पटत नव्हतं. म्हणून छतावरचा दिवा होता तसाच राहू दिला आणि पलंगाशेजारी स्टुलावर एक टेबल लॅम्प ठेवला. त्याची पिन कपाटामागच्या सॉकेटमध्ये आहे. तिकडे कुणाचा हात जात नाही.

मोबाइलवरून दिवा लावायचा हा पर्याय मी विचारातही घेतला नाही. मोबाइलचा पडदाच आधी डोळ्यांत घुसतो, आणि त्यावरची चिन्हं पाहायला चष्मा हवा. बोलून दिवा लावायचा तर बाबा जागे होणार. बटण बोटाला कळतं. दोन बटणांचा, एका गोल सेलवर चालणारा रिमोट पलंगाच्या कडेला चिकटवला. वरचं बटण कुठलं ते अंधारात समजावं म्हणून आईने त्यावर आपली एक खड्याची टिकली लावली. माझ्या साऱ्या खटाटोपात याहून चांगली कल्पना दुसरी नव्हती.

रिमोटचे संदेश एका छोट्या रास्पबेरी पाय संगणकाकडे जातात. त्यावर होम असिस्टंट आहे. हा प्रोग्राम २०१३ साली पाऊलस स्काउट्सेन यांनी सुरू केला. तो मुक्त आहे आणि घरातल्या घरात चालतो. आईच्या खोलीतला दिवा परदेशातल्या कुठल्या सर्व्हरला विचारून लागावा हे मला मान्य नव्हतं. झिग्बी आणि होम असिस्टंट यांच्यामधला निरोप्या म्हणजे एमक्यूटीटी. १९९९मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्गे नजर ठेवण्यासाठी ही पद्धत तयार झाली, कमीत कमी अक्षरांत निरोप पोचावा म्हणून. आज त्याच पद्धतीने मिरजेत एका दिव्याला "वाढ" आणि "थांब" सांगितलं जातं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

आता बटणाकडे येते. दाबून सोडलं तर लागणं आणि विझणं, हे पाच मिनिटांचं काम आहे. कस लागतो तो बटण दाबून धरल्यावर. सगळ्यात सोपी रीत अशी : बटण दाबलेलं आहे तोवर दर अर्ध्या सेकंदाला उजेड दहा टक्क्यांनी वाढवायचा. दिसायला ती चालते. पण प्रत्येक पायरीचा हुकूम संगणकाकडून बल्बकडे वेगळा जातो, हुकूम रांगेत साठतात आणि बोट उचलल्यावरही उजेड एखाद-दोन पायऱ्या पुढे जातो. तरुण माणूस परत खाली आणेल. आई घाबरून रिमोट सोडून देते. माझ्या मते मंद करण्याच्या बटणाची खरी परीक्षा हीच : बोट उचललं की त्या क्षणी थांबलं पाहिजे.

झिग्बीत त्याची सोय आहे. बल्बला एकदाच सांगायचं, "सेकंदाला इतक्या वेगाने वर जा", आणि बोट उचललं की एकदाच सांगायचं, "थांब". मधलं सारं बल्ब स्वतः करतो, त्यामुळे उजेड पायऱ्यांनी न वाढता सलग वाढतो. वेग ४० दिला तर खालपासून वरपर्यंत साधारण सहा सेकंद लागतात.

एवढ्यानेही माझं समाधान होईना, कारण डोळा असा सरळ हिशेब करत नाही. १०चे २० झाले तर खोली बदलल्यासारखी वाटते. २००चे २१० झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. एकाच वेगाने चढलं तर आईच्या कामाचा खालचा सगळा टप्पा पाव-अर्ध्या सेकंदात निघून जातो आणि वरच्या निरुपयोगी भागात वेळ जातो. म्हणून मी दोन वेग ठेवले. दिवा विझलेला असताना वरचं बटण धरलं की तो आधी ३ वर लागतो आणि तिथून सेकंदाला १२ या वेगाने हळूहळू चढतो. दोन सेकंद बोट तसंच राहिलं तर वेग ६० होतो. खालचा उजेड हवा असेल तर सावकाश नेमका मिळतो, वाचायला बसायचं असेल तर ताटकळावं लागत नाही.

होम असिस्टंटमध्ये हे एका नियमात बसतं, फक्त त्याची पद्धत "रीस्टार्ट" ठेवावी लागते. म्हणजे असं की नियमाचं काम चालू असताना नवा इशारा आला, तर अर्धवट काम तिथेच टाकून नव्याने सुरुवात करायची. आईने एका सेकंदात बोट उचललं, तर दोन सेकंदांची वाट पाहणारं आधीचं काम रद्द होतं आणि "थांब" लगेच जातं. ही एक ओळ नसेल तर मध्येच आलेल्या "थांब"च्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होईल आणि दिवा चढतच राहील. हे बसवल्यावर आईने बरंच खाली-वर करून पाहिलं आणि म्हणाली, "थांब म्हटलं की थांबतंय गं हे." बाबांनीही हात पुढे केला.

यानंतर मला एका गोष्टीची काळजी होती : रात्री तो छोटा संगणकच बंद पडला तर? झिग्बीत रिमोट थेट बल्बशी बांधता येतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. आणि कुठलं काम बांधायचं ते निवडता येतं, ही फार मोलाची गोष्ट आहे. मी फक्त लागणं-विझणं थेट बल्बशी बांधलं. मंद-प्रखर करणं संगणकामार्फत ठेवलं, कारण दोन वेगांची युक्ती थेट बांधणीत जमत नाही. संगणक बंद पडला तर तेवढी युक्ती जाईल, पण आई अंधारात राहणार नाही. घरातल्या वयस्कर माणसांसाठी असं काही करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग आधी पाहावा, बाकी करामती नंतर.

थेट लागणारा दिवा रात्री किती उजेडाने लागेल? संध्याकाळी वाचताना ठेवलेला पूर्ण उजेड रात्री दोन वाजता तसाच डोळ्यांवर आला तर सगळंच मुसळ केरात. त्यासाठी "लागताना किती" हा आकडा बल्बमध्येच लिहून ठेवता येतो. रात्री दहा वाजता संगणक तिथे १४ लिहितो, सकाळी सहाला १५०. पुढे संगणक झोपला तरी बल्बला आकडा ठाऊक असतो. हा १४ मी मनाने ठरवलेला नाही. बाबांना पलंगावर पडायला सांगून आणि आईला उंबऱ्यापर्यंत चालायला लावून आम्ही तिघांनी मिळून तो काढला. बाबा "जरा कमी", आई "जरा जास्त", असं करत दोघांनाही चालेल तिथे थांबलो.

लाइट जाऊन आली की असे बल्ब सहसा आपोआप पूर्ण उजेडाने लागतात. इन्व्हर्टरवर जाताना बसलेला क्षणभराचा झटकाही कधी कधी त्याला पुरतो. मध्यरात्री गाढ झोपेत हे होणं किती त्रासाचं, ते वेगळं सांगायला नको. वीज आल्यावर विझलेलंच राहायचं, अशी सूचना बल्बला देता येते. मात्र ती सगळ्याच बल्बांत नसते, म्हणून विकत घेतानाच विचारून घ्यावं.

इचलकरंजीच्या मावशीने हे पाहिलं आणि तिलाही हवं आहे. तिच्याकडे संगणक ठेवणारं कुणी नाही, म्हणून तिला मी रिमोट थेट बल्बशी जोडून देणार आहे, सगळीच कामं बांधून. दोन वेग तिला मिळणार नाहीत, रात्रीचा वेगळा आकडाही मिळणार नाही. पण बटण धरलं की उजेड बदलेल आणि सोडलं की थांबेल. गोल सेलची एक जोडी मी आधीच घेऊन ठेवली आहे, आणि टिकल्यांचं पाकीट आईने दिलं आहे.